चूल नाही, स्टोव्ह नाही: सत्तरीच्या रानात दोन दिवस थंड पाण्यावर जेवण कसं निभवायचं?

फोंड्याची भटकी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या बाजूला चालायला जाणार आहोत. वनखात्याची परवानगी आणि सोबतीला गावचा वाटाड्या, दोन्ही ठरलंय. रात्र एका देवळाच्या सभामंडपात काढायची. वाटाड्याने पहिल्याच फोनवर बजावलं: रानात चूल नाही, स्टोव्ह नाही, काडीपेटीसुद्धा आणू नका. मला ते पटलं. देवळातही काही शिजवायचं नाही असं आम्हीच ठरवलं. गावात पोचायला अंधार होईल, त्या वेळी कुणाच्या दारात जेवणासाठी उभं राहायला मन होत नाही.

म्हणजे दोन दुपारची जेवणं, एक रात्रीचं आणि रविवारची न्याहारी, सगळं न शिजवता. अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची ४,२६५ किलोमीटरची वाट आहे. ती चालणारी कितीतरी माणसं स्टोव्हच नेत नाहीत असं वाचलं. फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत कोरडं अन्न घालायचं, वर थंड पाणी, बरणी पाठीवर टाकून चालत राहायचं आणि तासाभराने उघडून खायचं. त्यांचे जिन्नस म्हणजे कुसकुस, नूडल्स, शिजवून वाळवलेल्या घेवड्याचा चुरा. कुसकुस पणजीत मिळतं, पण त्या किमतीत चौघींचं आठवड्याचं सामान येईल.

एक मैत्रीण म्हणते, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, आणि जॅम घेऊन जाऊ. पण दुसऱ्या दिवशी उंड्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि दिवसभर चढल्यावर पाव-जॅमने माझं पोट भरत नाही. आपल्या घरात मिळणाऱ्या कोणत्या गोष्टी थंड पाण्यात खरोखर मऊ होतात? किती न्यायचं? आणि भिजवलेलं अन्न बॅगेत आंबणार नाही ना? चौघींतली एक मासे खात नाही, बाकी सगळ्या खातो.

डिचोलीचा डोंगरी

नूडल्स आणि ओट्स. नूडल्सची वडी मोडून थंड पाण्यात अर्धा तास ठेवली की खाण्याजोगी होते, कारण ती कारखान्यातच वाफवून तळलेली असते. मसाल्याची पुडी अर्धीच घाल, न उकळलेला मसाला उग्र लागतो. ओट्सना तासभर दे, मनुका आणि गूळ घाल. चहाशिवाय ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी इन्स्टंट कॉफीची पूड थंड पाण्यात हलवून घ्यावी, चालते.

बरणी रुंद तोंडाची हवी, नाहीतर चमचा तळापर्यंत जात नाही. पीनट बटरची रिकामी बरणी उत्तम. घरी पाणी भरून रात्रभर उलटी ठेवून बघ, एक थेंबही गळता कामा नये. स्टीलचा डबा बॅगेत आडवा झाला की सगळे कपडे भिजतात.

बाकी खरं सांगायचं तर सपाट कातळावर छोटा गॅस स्टोव्ह पाच मिनिटं लावला तर रानाला काही होत नाही. बरेच जण करतात.

वाळपईची काकू

बाय, जेवणाचं सांगते, पण आधी स्टोव्हचं. डिचोलीच्या भावा, राग मानू नकोस, पण तुझं शेवटचं वाक्य मला पटलं नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती. आम्ही इथे राहतो, त्या दिवसांत डोंगराकडे बघवत नव्हतं. डिसेंबरात सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत वाळून कोरडं झालेलं असतं आणि कातळाच्या भेगांतूनही तेच उभं असतं. अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वाटाड्या सांगतो ते ऐका, त्याला उद्याही तिथेच राहायचं आहे.

आता जेवण. मुळातली गोष्ट एवढीच: थंड पाणी शिजवत नाही, भिजवतं. धान्यातलं पिष्ट फुलून मऊ व्हायला साठ-सत्तर अंशांची उष्णता लागते. ती ज्या जिनसाला आधीच मिळालेली आहे, भट्टीवर, कारखान्यात किंवा तुझ्या घरच्या गॅसवर, तोच जिन्नस रानात थंड पाण्याला दाद देतो. कच्चे तांदूळ रात्रभर भिजवलेस तरी कच्चेच राहणार. कच्चा रवा, कच्ची तूरडाळ, सगळ्यांचं तेच. आणि राजमा तर नुसता भिजवून कधीच खायचा नाही. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन उकळल्याशिवाय जात नाही, चार दाण्यांनीसुद्धा उलट्या सुरू होतात. मोड आलेले मूग चालतात, पण ते घरून मोड आणून न्यायचे आणि पहिल्याच दुपारी संपवायचे.

आता स्वयंपाकघरात नजर फिरव. पोहे म्हणजे भात भिजवून, भट्टीत भाजून, मग दाबून चपटा केलेला. सातूच्या पिठातले गहू आणि डाळवं भाजलेलं. मेतकूट भाजलेलं. कुरमुरे, लाह्या, डाळवं, सगळं आग बघून आलेलं आहे. कुसकुस तरी काय, वाफवून वाळवलेला रव्याचाच दाणा. त्यासाठी पणजी गाठायची गरज नाही.

पोह्यांपासून सुरू कर. जाडे पोहे घे, गावठी तांबडे मिळाले तर तेच, ते भिजूनही अंग धरून राहतात. वाटीभर पोह्यांना पाऊण वाटी पाणी. भांडंभर पाण्यात बुडवायचे नाहीत, कारण रानात निथळायला चाळणी नसते आणि सांडलेल्या पाण्याबरोबर चवही जाते. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मध्ये एकदा दाणा बोटांत दाबून बघ. बाहेरची कड मऊ झाली तरी पोटात पांढरी रेघ राहते, ती चुरचुरली तर अजून चमचाभर पाणी शिंपड, बरणी हलव आणि पाच मिनिटं थांब. रेघ मेणासारखी दबली की झाले. पातळ पोह्यांना पाणी नकोच. त्यांच्यावर चिरलेला कांदा, लिंबू आणि मीठ घालून हाताने दाबून ठेवलंस की कांद्याच्या पाण्यावरच ते मऊ होतात.

शनिवारी दुपारी हेच दडपे पोहे करा. फोडणी घरी करायची: तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, तळलेले शेंगदाणे आणि भरलेल्या सुक्या मिरच्या. पूर्ण थंड झाली की छोट्या बाटलीत. ओला नारळ खवून नेऊ नकोस, आपल्या हवेत तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सुकं खोबरं किसून तांबूस भाजून ने. रानात फक्त कांदा आणि लिंबू चिरायचं. वर सांडगी मिरची चुरडली की घासाला जोर येतो.

रात्रीसाठी सोलकढीतले पोहे. हा माझा आवडता पदार्थ आहे आणि त्याला गरम काही लागतच नाही. गावात पोचायच्या तासभर आधी बाटलीत सात-आठ सोलं (सुकी कोकमं) मिठाच्या पाण्यात टाकून ठेव, चालता चालता लाल पाणी सुटतं. नारळाच्या दुधाची पावडर थंड पाण्यात एकदम टाकलीस तर गुठळ्या होतात. आधी दोन चमचे पाण्यात घोटून लगदा कर, मग सोलांचं पाणी थोडं थोडं घाल. ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची त्यातच. हे सगळं जाड्या पोह्यांवर ओत आणि पंधरा मिनिटं झाकून ठेव. इथे पाणी जास्त असलं तरी चालतं, उरलेली कढी पिऊन टाकायची. दिवसभर घाम गाळल्यावर त्या आंबट-खारट पाण्याने अंगात जीव येतो.

न्याहारीला रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या दुधातले गोड पोहे, नरक चतुर्दशीला करतो तेच. माडाचा काळा गूळ घरी किसून ने, खडा थंड पाण्यात लवकर विरघळत नाही. आधी गूळ पाण्यात हलव, मग नारळाची पावडर, वेलची, शेवटी पोहे.

सातूचं पीठ दुसऱ्या दुपारसाठी ठेव. पिठावर पाणी ओतलं की तळाला कोरडा गोळा राहतो, म्हणून आधी पाणी, मग पीठ, मग झाकण लावून जोरात हलवायचं. गोड नको असेल तर मीठ, जिरेपूड, कांदा आणि लोणच्याचा खार. याला थांबावं लागत नाही, म्हणून उशीर झाला आणि सगळ्या भुकेने चिडल्या असल्या की हेच काढायचं.

डाळ हवीच असेल तर एक दिवस आधी घरी मेहनत आहे. लाल मसूर मऊ शिजवायची, हळद-मीठ घालून घोटायची आणि ताटात कागदाइतकी पातळ पसरून कडक वाळवायची. मे महिन्याच्या उन्हात दिवसभरात होते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या, दिवसांत आम्ही सोलं आणि सुकी मासळी वाळत घालतो तेव्हाच मी हेही करून ठेवते. डिसेंबरात ओव्हन अगदी मंद ठेवून दार किंचित उघडं ठेव. वाकली तर ओल आहे, मोडली तर झाली. हाताने चुरून डब्यात भर. चुऱ्याच्या दीडपट पाणी, पाऊण ते एक तास. दाणा अख्खा ठेवलास तर बाहेरून मऊ आणि आत खडा, म्हणून घोटायचीच.

भात मात्र सोडून दे. शिजवून वाळवलेला भात गरम पाण्यात छान फुलतो, थंड पाण्यात दोन-तीन तासांनीही रबरासारखा चिवट लागतो. उकड्या तांदळाचा तर जास्तच. शिजलेलं पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बसतं आणि थंड पाण्याने सुटत नाही. माणसं हौसेने भाताचा खटाटोप करतात आणि मग म्हणतात की थंड पाण्याचं जेवण बेचव असतं.

मासे खाणाऱ्यांसाठी किसमूर. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कुरकुरीत भाजायची, भाजलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोरडा कोळ चुरून मिसळायचं. रानात वर कांदा. दडप्या पोह्यांवर मूठभर टाकली की मग काही मागायला नको. पण दोन डब्यांत एकात एक बंद करून ने, वास लांब जातो. माकडं बॅगेची चेन उघडतात आणि आपल्या रानात अस्वलंही आहेत. रात्री हा डबा उशाशी ठेवायचा नाही. न खाणाऱ्या मैत्रिणीचा चमचा आणि बरणी वेगळी.

किती न्यायचं ते विचारलंस. जेवणाला माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम कोरडा जिन्नस आणि शिवाय मूठभर शेंगदाणे-खोबरं. शंभर ग्रॅम पोह्यांत साधारण ३५० कॅलरी, शेंगदाण्यांत ५६० च्या वर, सुक्या खोबऱ्यात ६६० च्या आसपास. पाठीवर वजन तेवढंच, पोटाला जवळजवळ दुप्पट. म्हणून पोहे वाढवू नका, खोबरं आणि दाणे वाढवा. सोललेली केळी, काकडी वगैरे पहिल्या दुपारपर्यंतच.

आता ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते: पाणी आणि वेळ. घरी चूक झाली तर उकळी सांभाळून घेते. इथे उकळीच नाही. ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी वर गुरं चरतात, गवे उतरतात. आधी चौपदरी सुती कापडातून गाळ, मग फिल्टर किंवा क्लोरिनची गोळी, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पुरा झाल्यावरच ते पाणी बरणीत. तांब्याभर पाणी पिण्याचं वेगळं आणि भिजवण्याचं वेगळं असं करायचं नाही, दोन्ही पोटातच जातं.

आणि सकाळी भिजवून दुपारपर्यंत बरणी पाठीवर वाहायची नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीही ३२ अंश होतात. ओलं अन्न एरवी दोन तास, आणि एवढ्या उष्म्यात एक तास, त्यापुढे खायचं नाही. डाळ, नारळाचं दूध आणि दुधाची पावडर यांच्या बाबतीत तर अजिबात ढिलाई नको. थांबायच्या जागी पोचलात की भिजवा, बूट काढा, पाय धुवा, तोवर पोहे तयार.

मडगावचा औषधवाला

काकूंच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून. गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबा, पाणी गढूळ असेल तर जास्त. त्या अर्ध्या तासात पाण्यात सोलं, लिंबू, सरबताची पूड काहीही टाकू नका. आंबट आणि सेंद्रिय पदार्थ क्लोरिन खाऊन टाकतात, मग जंतूंसाठी उरत नाही. वेळ झाल्यावर मात्र खुशाल टाका, उलट क्लोरिनचा वासही जातो. माणशी ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, ती जुलाबासाठी. रोजच्या घामाला मीठ घातलेलं सोलांचं पाणी पुरतं.

फोंड्याची भटकी

काकू, काय सांगू, दंडवत तुम्हाला! काल संध्याकाळी चौघी माझ्या घरी जमलो आणि माठातल्या पाण्यावर सगळं करून बघितलं. गॅस बंद, फॅन बंद, अगदी रानासारखं. सोलकढीतले पोहे पहिल्या फटक्यात जमले, माझी आई पातेलं पुसून खाऊन गेली. दडपे पोहे झकास. सातूचं पीठ दोघींना आवडलं, दोघींना घशात बसतं.

डाळ मात्र तासाभरानेही बोटांना रवाळ लागत होती. मी ओव्हनमध्ये वाळवली होती आणि ती मोडत होती, म्हणजे वाळली नीट होती. कुठे अडलं असेल? आणि दुसरं, रात्री बरणी धुवायची कुठे? देवळाजवळ झरी आहे असं वाटाड्या म्हणाला.

वाळपईची काकू

रवाळ लागली म्हणजे दोनातलं एक. एक तर घोटताना डाळीचे कण राहिले, म्हणून घोटल्यावर चाळणीतून उतरवून घे. नाहीतर ओव्हन जास्त तापला आणि वरचा पापुद्रा कडक होऊन आत पाणी शिरेना. रंग पिवळ्यावरून तपकिरी झाला असेल तर तेच. मिक्सरला एकदा फिरवून बारीक पूड कर, वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होईल आणि पातळ आमटीसारखी पिता येईल. मीठ भिजवताना घाल, वाळवताना कमी. ज्यांच्या घशात सातू बसतो त्यांना तो लाह्यांच्या पिठात निम्मा मिसळून दे, हलका होतो.

झरीत बरणी धुवायची नाही, बाय. ते गावाचं पिण्याचं पाणी आहे, त्यात तुमच्या फोडणीचं तेल कशाला. खाऊन झालं की बरणीत दोन घोट शुद्ध केलेलं पाणी घाल, झाकण लावून हलव आणि पिऊन टाक. सोलकढीचं तर पिववेलच. दडप्या पोह्यांच्या तेलकट बरणीला आधी चमचाभर कोरडं सातूचं पीठ घालून बोटांनी फिरव, तेल पिठात येतं, ते खाऊन टाकायचं. मग कापडाने पुसायची. साबण घरी आल्यावर.

कांद्याची सालं, लिंबाच्या फोडी, पाकिटं सगळं पिशवीत बांधून परत वाळपईला आणा. सालं कुजतात म्हणून रानात टाकतात लोक, पण माकडांना एकदा चव कळली की पुढच्या माणसांच्या पिशव्या ती ओढतात.

आणि तो वाटाड्या तुमच्याबरोबर जेवणार की नाही ते आधी विचारून ठेव. पाचव्या माणसाचे पोहे धरा.

डिचोलीचा डोंगरी

काकू, स्टोव्हचं मान्य. माझा मजकूर बदलतो. डाळीच्या पुडीचं प्रमाण पुन्हा एकदा सांगाल? एका माणसाला किती?

वाळपईची काकू

मान्य केलंस, बरं वाटलं रे. पूड असेल तर माणशी चार चमचे भरून आणि वाटीभर पाणी. पोह्यांबरोबर खायची असेल तर तीन पुरे. जिरेपूड आणि चिमूटभर हिंग पुडीतच मिसळून ने, आणि लिंबू शेवटी.